माहेरच्या वाटा आणि मुळशीच्या ओव्या

मुळशी तालुक्यात पाहुणा म्हणून कधी जायचे, हे पिढ्यानपिढ्या पावसाने ठरवले. पुणे शहरात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून साठेक किलोमीटरवर, घाटमाथ्यावरच्या ताम्हिणीत हाच आकडा पाच हजारांच्या पुढे जातो. मधल्या पट्ट्यात मुळा नदीचे खोरे, तिला येऊन मिळणारे असंख्य ओढे आणि डोंगराच्या सोंडांवर विखुरलेल्या वाड्या. मृग लागला की ओढ्यांना पाणी येई आणि एका वाडीचा दुसरीशी संबंध तुटे. आषाढ-श्रावणात भातलावणी, कुणाला मान वर करायला फुरसत नसे. दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी, मग ओलीवर टाकलेल्या वाल-हरभऱ्याची राखण. माणूस मोकळा होई तो शिमगा उरकल्यावर. फाल्गुनाच्या अखेरीपासून वैशाख सरेपर्यंतचे अडीच-तीन महिने हेच सोयऱ्याधायऱ्यांकडे जाण्याचे दिवस.

हे दिवस रिकामे मात्र नव्हते. भाताच्या रोपासाठी निवडलेल्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण आणि झाडांचा छाटलेला टहाळा पसरून राब भाजायचा, बांध दुरुस्त करायचे, पावसाळ्यापुरते जळण रचून ठेवायचे, घराचे छप्पर शाकारायचे. ही सगळी कामे वळीव येण्याआधी आटोपावी लागत. त्यांतून काढलेल्या चार-आठ दिवसांत लग्ने, गावजत्रा आणि पाहुणचार बसवला जाई. राब भाजून झाला की निघायचे आणि छपराचे काम निघायच्या आत परतायचे, असा साधारण हिशेब. शहरातल्या शाळांनी मे महिन्याची सुट्टी रूढ करण्याच्या कितीतरी आधीपासून मुळशीला उन्हाळी प्रवासाची सवय होती.

नवरा-बायकोने जोडीने घराबाहेर पडावे असे प्रसंग जुन्या मुळशीत थोडे. लग्नानंतर जोडीने खंडोबाला, जेजुरीला जायचे. दोन्हीकडच्या गावजत्रांना हजेरी लावायची. भावकीतल्या लग्नाला जायचे. एरवी बाईचा प्रवास दोन तुकड्यांत होई. जाताना तिला न्यायला माहेरचा मुराळी येई, म्हणजे बहुधा भाऊ आणि भाऊ नसेल तर चुलता किंवा मामा. परत आणायला नवरा जाई आणि त्या निमित्ताने दोन दिवस जावई म्हणून सासुरवाडीत राही. मुराळ्यावाचून बाई वाटेला लागत नसे. त्यामुळे भाऊ कधी येतो, येतो की नाही, सासरची माणसे त्याला परत लावतात की बहिणीला सोबत धाडतात, या गोष्टींवर तिचे वर्ष तोललेले असे. पुढे ज्या ओव्यांचा विचार करायचा आहे, त्यांतल्या फार मोठ्या भागाचे मूळ या एका वाट पाहण्यात आहे.

अंतरे आजच्या मानाने किरकोळ वाटतील. सोयरिकी बहुतेक लगतच्या खोऱ्यांत जमत: मुळशी खोऱ्यातली मुलगी पौड खोऱ्यात, मुठा खोऱ्यातली मोशाच्या खोऱ्यात. एक खिंड चढून पलीकडे उतरले की सासर. पण खिंड चढायची ती पायी, काखेत मूल आणि डोक्यावर गाठोडे घेऊन. गाठोड्यात भाकरी-चटणीची शिदोरी, पाहुण्यांसाठी आंबेमोहोराचा तांदूळ, कडवे वाल. परतताना त्याच फडक्यात ओटीचा खण, बांगड्या, भावाने दिलेले धान्य. उन्हाची तिरीप वाढायच्या आत खिंड ओलांडायची म्हणून पहाटेच निघत. बैलगाडी चाले ती पौडपासून खाली, नदीकाठच्या सपाटीवर. वर डोंगरात बैलगाडीचा उपयोग नव्हता.

काही वाटा त्याहून लांबच्या होत्या. मुळशीची पश्चिम कड म्हणजे सह्याद्रीची धार, आणि तिच्यावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या घाटवाटांची मालिकाच तिथे आहे. तैलबैलाच्या जोडभिंतींच्या आसपास सवाष्णी घाट आणि वाघजाई घाट सुधागडच्या बाजूला उतरतात. वाघजाईच्या वाटेखाली ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत, म्हणजे या वाटेवरची वर्दळ किमान दोन हजार वर्षांची. घनगड आणि कोरीगड हे दोन्ही किल्ले याच टापूत उभे आहेत आणि त्यांची नजर घाटवाटांवर आहे. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर येई, मावळातून धान्य खाली जाई. व्यापाऱ्यांचे तांडे, शिबंदी आणि जकातदार यांच्याबद्दल इतिहासाची पुस्तके बरेच सांगतात. त्याच दगडी पायठाण्यांवरून माहेरपणाला आणि लग्नाला ये-जा करणाऱ्या कुटुंबांची नोंद मात्र कुठल्या दप्तरात घेतली गेली नाही. जकात माल भरी. पाहुण्याला जकात नव्हती, म्हणून कागदही नाही.

पाहुणे जमण्याचा हमखास मुहूर्त म्हणजे गावची जत्रा. चैत्र पौर्णिमेला हिंजवडी आणि वाकड या दोन गावांच्या म्हातोबाचे बगाड निघते. बगाडाचे लाकूड तालुक्याच्या पश्चिमेकडच्या रानातून वाजतगाजत आणले जाते, गळकरी बगाडावर चढतो आणि दोन्ही गावांची माणसे, लेकी-जावई, नातवंडे त्यामागे चालतात. हिंजवडीच्या शिवारात आता माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या आहेत, तरी बगाडाचा दिवस बदललेला नाही. जत्रेला लेकीला बोलावणे हे केवळ प्रेमाचे काम नव्हते, ते घराण्याच्या इभ्रतीचे काम होते. ज्या घरी जत्रेला लेक आली नाही, त्या घराकडे गाव वळून पाही.

जत्रेत वाजे ते ढोल, ताशा, झांज आणि लेझीम. मुळशी, मावळ आणि वेल्हे भागांतले ढोल-लेझमाचे ताफे या कामात नावाजलेले. पुण्याच्या गणेशोत्सवात शाळांची आणि तरुणांची स्वतंत्र पथके तयार होण्याच्या आधी विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल वाजवायला माणसे येत ती या खेड्यांतूनच. पुरुषांचे संगीत असे गावाबाहेर पडले, शहरात गेले, बिदागी घेऊन आले. सप्ताहातले भजन आणि दिंडीतले टाळ-पखवाज यांनाही देवळाचा मंडप होता. बाईच्या गाण्याला मंडप नव्हता. ते पहाटेच्या अंधारात, घराच्या एका कोपऱ्यात, जात्यापाशी होई.

या सगळ्या चौकटीला पहिला मोठा तडा गेला तो पाण्याने. टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरवले. पूर्वेला वाहणारे पाणी अडवून ते बोगद्यांतून आणि नळांतून पश्चिमेला, कोकणातल्या भिऱ्याला उतरवायचे आणि त्या उतारावर मुंबईसाठी वीज करायची, अशी ही योजना. बुडणारी गावे सुमारे पन्नास होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा देत पुरुषांबरोबर बायकाही कामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. सावकारी कर्जात अडकलेल्या जमिनींची भरपाई बऱ्याच ठिकाणी पुण्यातल्या सावकारांच्या हाती गेल्याने आतूनच फूट पडली, आणि १९२४ पर्यंत लढा मोडला. शेवटच्या टप्प्यात धरणाच्या कामासाठी धावणारी आगगाडी अडवल्याबद्दल बापटांना दीर्घ तुरुंगवास झाला. भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले.

या लढ्याचा विचार जमीन, भरपाई आणि नेतृत्व या अंगांनी पुष्कळ झाला आहे. राजेंद्र व्होरा यांचे त्यावरचे संशोधन मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत उपलब्ध आहे. नात्यांच्या अंगाने मात्र तो फारसा झालेला नाही, आणि इथे त्याची गरज आहे. खोऱ्याच्या तळातली गावे उठली तेव्हा काही कुटुंबे वरच्या उतारावर सरकली, काही खाली पौडकडे, काही शहरात गेली. ज्या दोन गावांत पूर्वी नदीच्या उतारातून चालत जाणे-येणे होते, त्यांच्यामध्ये आता मैलोगणती पाणी पसरले. कडेने वळसा घेतला तर दिवस मोडे. जलाशयाच्या मागच्या अंगाची गावे तर धरणाच्या बाजूच्या सोयऱ्यांपासून जवळजवळ तुटली. सासरहून दिसणारे माहेर पाण्यापलीकडे गेले, आणि काहींचे पाण्याखाली. जमिनीची भरपाई रुपयांत मोजता आली, वाटेची मोजणी कुणी केली नाही.

त्या काळातल्या बाईचे मन आज कळते ते ओवीवरून. जात्यावरची ओवी मराठी मुलखात फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. जनाबाईच्या अभंगांत दळण-कांडण देवाच्या सोबतीने होते. म्हणजे साहित्यात ओवी पोहोचली ती आधी जात्या-उखळापाशी घडून. ज्ञानेश्वरीची ओवी साडेतीन चरणांची. जात्यावरची ओवी बहुतेक दोन ओळींची, लवचिक, गळ्याप्रमाणे ताणता येणारी. ‘गळा’ हा मुळशीतल्या बायकांचा शब्द. चालीला त्या गळा म्हणतात. प्रत्येक गावाचे, कधी कधी प्रत्येक वस्तीचे गळे वेगळे, आणि सासरी आलेली सून आपल्या माहेरचा गळा घेऊन येते.

जाते जवळून पाहिल्याशिवाय गळा समजत नाही. खालची तळी जमिनीत पक्की बसवलेली, तिच्या मधल्या खिळ्यावर वरची पेड फिरते. पेडीच्या कडेला लाकडी खुंटा. एकटीने दळले तर उजव्या हाताने ओढायचे आणि डाव्या मुठीने दाणे वैरायचे. जोडीने दळायचे तर दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, एक ओढते तेव्हा दुसरी सोडते. ओवीची लय या ओढण्या-सोडण्यातून येते: ओढताना शब्दावर जोर, सोडताना स्वर लांबवायचा, घास घालताना क्षणभर थांबायचे. एकीने पहिली ओळ टाकली की दुसरी ती उचलते, फिरवते, अधेमधे ‘बाई’, ‘गं’ असे शब्द भरते आणि मग दुसरी ओळ येते. तांदूळ हलका फिरतो. नाचणीचा दाणा बारीक, तिचे पीठ करायला वेळ लागतो, म्हणून नाचणीच्या दळणाला गाणेही लांबते. जात्याला टाकी घालून घेतली की पहिले काही दिवस दगड खरखरीत चालतो आणि आवाजही खरबरीत होतो. तेव्हा गळा जरा वर चढवावा लागतो. घरातली माणसे झोपलेली असतात. पहाटेचे ते दीड-दोन तास बाईला स्वतःचे म्हणून मिळत.

या ओव्यांत भावाचा वाटा सर्वांत मोठा. भाऊ येणार म्हणून उंबऱ्यात उभी राहिलेली बहीण, त्याची गाडी, त्याच्या बैलांची जोडी, त्याने डोक्याला बांधलेला पटका, वाटेतला ओढा, खिंड, सावलीचे झाड. गावांची नावे घालून, अंतरे सांगून ओव्या रचलेल्या असतात; त्या एकापुढे एक ठेवल्या तर एखाद्या खोऱ्याच्या वाटांचा नकाशा काढता येईल. नंतरच्या काळातल्या ओव्यांत भाऊ मोटारीने येतो, आगगाडीने येतो. बैलगाडी गेली, मोटार आली, हे इथे कुण्या अधिकाऱ्याच्या अहवालाआधी नोंदले गेले आहे. दुसरीकडे भावजयीच्या कपाळावरची आठी आहे, आई गेल्यावर माहेरचा उंबरा परका होणे आहे, मुराळी न आल्याने कोरडे गेलेले वर्ष आहे. वनवासातली सीता पुन्हा पुन्हा येते, आणि तिला सासरी छळ सोसणाऱ्या बायका आपली म्हणून ओळखतात. पंढरपूर हे माहेर होते, विठ्ठल भाऊ होतो. दलित वस्त्यांतल्या बायकांनी याच गळ्यांवर बाबासाहेब आंबेडकरांना गायिले, आणि त्या ओव्यांत आंबेडकर घरचे माणूस म्हणून येतात.

सातबारा, वतनाची कागदपत्रे, पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरे यांत बाई सापडते ती क्वचित, वारस किंवा विधवा म्हणून. तिचे येणे-जाणे, तिची सोयरीक, तिला मिळालेला किंवा नाकारलेला पाहुणचार यांचा पुरावा ओवीतच आहे. म्हणून मुळशीतल्या पाहुणपणाचा इतिहास लिहायचा तर ओवी हेच त्याचे पहिले साधन मानावे लागते. तिच्याकडे लोकसाहित्याचा अलंकार म्हणून पाहिले की हे साधन हातचे जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिठाची गिरणी आली आणि ओवीचे ठिकाण संपले. आधी बाजाराच्या गावी इंजिनावर चालणारी, मग वीज पोहोचेल तशी गावोगाव. दळण डब्यात भरून गिरणीवर जाऊ लागले. बायकांच्या मनगटांना आणि खांद्यांना विसावा मिळाला, आणि त्याबद्दल हळहळ करणे अन्यायाचे होईल; पहाटे तीनला उठून पाच-सहा माणसांचे पीठ ओढणे ही कष्टाची गोष्ट होती. पण ओवी कामाला जुंपलेली होती. काम थांबले तेव्हा गाण्याला बसायला जागा उरली नाही. लग्नात हळद दळण्यापुरते जाते फिरे, बाकी वेळी ते उभे करून ठेवले जाई. ज्या मुलींनी आईबरोबर खुंट्याला हात लावला नाही, त्यांच्या तोंडी ओवी आलीच नाही.

ओव्या गोळा करण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये मोठा संग्रह केला, पुढे सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीमार्फत गावोगावचे साहित्य छापून आणले. मुळशीतल्या कामाची तऱ्हा निराळी. पुण्यातले दोन समाजशास्त्रज्ञ, हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटवँ, डोंगराळ भागातल्या गरिबांच्या संघटनेच्या कामात होते. गरीब डोंगरी संघटना हे तिचे नाव. मुळशी, मावळ, वेल्ह्याच्या वाड्यांत त्यांचे फिरणे असे. बैठकीत बोलायला न धजावणाऱ्या बायका जात्यावर काय काय बोलून जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. नांदगाव, कोळवडे यांसारख्या मुळशीतल्या गावांतल्या बायका पुढे या कामाचा कणा झाल्या. त्यांच्यातल्या काहींनी स्वतः आपल्या शेजारणींच्या, नणंदा-जावांच्या ओव्या लिहून घेतल्या.

लिहिण्याची पद्धत काटेकोर होती. प्रत्येक ओवीला क्रमांक, सोबत गाणारीचे नाव, गाव, समाज. मग विषयानुसार वर्ग: भाऊ, आई, सासर, सीता, पंढरी, शेती, आंबेडकर, आणि त्या प्रत्येकाचे पोटवर्ग. एकच ओवी वेगवेगळ्या गावांत कशी बदलते, कुठला शब्द टिकतो आणि कुठला गळतो, हे त्यामुळे तपासता येऊ लागले. शब्दांइतकाच गळाही महत्त्वाचा, म्हणून १९९० च्या दशकात संगणक आणि संगीत या दोन्हींत काम केलेले फ्रेंच संशोधक बर्नार्ड बेल त्यात आले; शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले आणि सगळ्या ओव्या संगणकावर चढल्या. संग्रह मुळशीतून निघून महाराष्ट्रभर हजारावर खेड्यांत पसरला आणि ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एकेका मुद्रणात गाणारीचा खोकला, मागचे कोंबडे, मुलाचे रडणे, दगडाची घरघर ऐकू येते. स्टुडिओत बोलावून गाऊन घेतलेल्या ओवीत हे नसते. आणि जाते फिरत नसताना ओवी सुचतच नाही, असे गाणाऱ्या बायका सांगत. पॉइटवँ २००४ मध्ये गेले, त्यांच्यामागून काही वर्षांनी राईरकरही. काम थांबते की काय असे वाटत असताना, पी. साईनाथ यांनी उभारलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ते हाती घेतले आणि २०१७ पासून या ओव्या आवाजासह, भाषांतरासह लोकांसमोर येऊ लागल्या.

याच्या कितीतरी आधी पुण्यात आणखी एक संग्रह उभा राहिला होता, आणि तोही दोघांच्या मेहनतीचा. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) कवी होते, ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. चरितार्थासाठी चष्म्याचे दुकान होते. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. दिवे, दौती, अडकित्ते, वज्री, कुंकवाचे करंडे, कोरीव दारे: घराघरांतून मोडीत निघालेल्या वस्तूंसाठी ते वाडे आणि जुने बाजार धुंडाळत, देशभर फिरत. पत्नी कमलाबाई यांची या कामात भक्कम साथ होती. संसारातला पैसा, जागा आणि वेळ असा एका छंदावर ओतायचा तर घरची दुसरी व्यक्ती त्यात मनापासून असावी लागते. केळकरांच्या घरात ती होती. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा बालपणीच गेला आणि संग्रहाला त्याचे नाव मिळाले. १९७५ मध्ये केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि जागेअभावी त्यांतला थोडाच भाग मांडलेला असतो.

त्यात वाद्यांचे स्वतंत्र दालन आहे. दारे आणि दिवे पाहून दमलेला पाहुणा इथे हटकून रेंगाळतो. मोराच्या आकाराचे तंतुवाद्य, वीणा, सारंग्या, तंबोरे यांच्या बरोबरीने लोककलावंतांची वाद्येही आहेत. भारतीय परंपरेने वाद्यांचे चार वर्ग मानले: तारांची, फुंकून वाजवायची, चामड्याने मढवलेली आणि एकमेकांवर आपटून वाजणारी. जाते या चारांत कुठेच बसत नाही. तरीही मराठी मुलखात सर्वांत अधिक गळ्यांना ज्याने साथ केली, ते साधन तेच. एक लाख ओव्या ज्या दगडाच्या लयीवर उभ्या राहिल्या, त्याला वाद्यांच्या यादीत जागा द्यायला हरकत नसावी. केळकरांनी स्वयंपाकघरातल्या वस्तूंना कलाकृतींचा मान दिला, त्याच विचाराची ही पुढची पायरी आहे.

हे दोन्ही संग्रह एकमेकांपासून फार दूर नाहीत. मस्तानी महाल म्हणून केळकर संग्रहालयात उभारलेले दालन कोथरूडहून आणलेल्या अवशेषांतून पुन्हा घडवलेले आहे, आणि मुळशीकडे जाणारा पौड रस्ता त्या कोथरूडमधूनच निघतो. संग्रहालयाच्या विस्तारासाठी शासनाने जागा दिली ती बावधनला, म्हणजे मुळशीच्या वेशीवर. हा विस्तार फार वर्षे रखडला आहे. तो होईल तेव्हा त्यात वाद्यांच्या दालनाशेजारी ओवीचे दालन असावे, तिथे जाते असावे आणि कानाला लावून नांदगाव-कोळवड्याचे गळे ऐकता यावेत, ही अपेक्षा वाजवी आहे. मुद्रणे आहेत, संहिता आहे, गाणाऱ्यांची नावे आहेत. वस्तू एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, ही ताटातूट मिटवायला बावधनसारखी दुसरी जागा नाही.

माहेरचा रस्ता मात्र बदलून गेला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढे तिने मुळशीच्या वाड्याही जोडल्या आणि मुराळ्याची पायपीट कमी केली. बाई एकटीने, पोरांना घेऊन माहेरी जाऊ लागली. मुराळ्याची प्रथा मोडली ती कुठल्या सुधारकाच्या भाषणाने नव्हे, एसटीच्या तिकिटाने. ताम्हिणी घाटातून माणगावपर्यंत डांबरी रस्ता झाल्यावर पुणे आणि दक्षिण रायगड यांच्यातले अंतर अडीच-तीन तासांवर आले. आता मे महिन्यात चांदणी चौकातून निघालेली जोडपी गाडीने पिरंगुट, पौड, मुळशी धरण करत घाट उतरतात. वाटेत आत्याकडे जेवण, मामाकडे मुक्काम, आंबे-फणसाची पाटी डिकीत. पुण्यात आलेल्या कोकणातल्या पाहुण्यांना सुट्टीत केळकर संग्रहालय दाखवण्याची रीतही कित्येक घरांत टिकून आहे. आंबेमोहोराची शेती कमी झाली, जमिनी विकल्या गेल्या, बंगल्यांच्या वसाहती डोंगर चढल्या. तरी गावजत्रेला लेकीला बोलावणे सुटलेले नाही, आणि पावसाआधी जाऊन यायचे हा हिशेबही अजून तोच आहे, कारण जुलैतला ताम्हिणी घाट आजही दरडींमुळे कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो.

ओवी गाणाऱ्या पिढीतल्या ज्या बायका आज हयात आहेत, त्या साठी-सत्तरीच्या पुढच्या आहेत. ‘पारी’च्या कार्यकर्त्यांनी अलीकडच्या वर्षांत त्यांच्यापैकी अनेकींकडे पुन्हा जाऊन जुन्या मुद्रणांवरून नावे पडताळली, राहिलेले संदर्भ विचारून घेतले आणि नवी चित्रफीत केली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा आवाज फोनवर ऐकून काहींनी तिथल्या तिथे पुढची ओवी घातली, आणि तीही क्रमांक देऊन संग्रहात घेतली गेली.